दाविद म्हणे की याकोब म्हणे

“ही पत्रिका न्हाई, दरोडा हाय दरोडा,” असं येशुदासकाका आमच्या अंगणात उभे राहून ओरडत होते, आणि त्यांच्या हातात माझ्याच लग्नाची पत्रिका होती. येशुदासकाका म्हणजे माझे होणारे सासरे. नांदेडच्या स्टेशनात मालधक्क्यावर त्यांची उभी हयात गेलेली, त्यामुळे त्यांनी साधं ‘सलाम’ म्हटलं तरी पलीकडच्या रुळावरचा हमाल वळून बघायचा. त्या दिवशी तर ते रागात होते. लातूरच्या आमच्या गल्लीतल्या पत्र्यांवरची कबुतरं जी उडाली ती, मी शपथेवर सांगते, थेट औशाला जाऊन उतरली. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीत डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. त्यांनी भिंग न काढताच व्याह्यांकडे बघितलं. त्या भिंगातून त्यांना येशुदासकाकांच्या मिशा केवढ्या दिसल्या असतील याचा विचार करून मला हसू आलं, आणि आईनं मला कोपरानं ढोसलं. “आधी बसा तर,” अण्णा म्हणाले, “पाणी घ्या.” “पाणी न्हाई घेत मी तुमच्या घरचं, आधी खुलासा पाहिजे,” काका म्हणाले, आणि बोलता बोलता तांब्या उचलून गटागटा सगळा रिकामा केला. आईचा चेहरा पडला. पाऊस त्या वर्षी आमच्यावर रुसलेला होता, टँकर येईल तेव्हा येईल, आणि पाहुण्याला अर्धा पेला पाणी दिलं तरी यजमानाचा मोठेपणा समजला जाई.

भांडण होतं एका गाण्यावरून. आमच्याकडे नाताळच्या पहाटे घरोघर फिरून जी गाणी म्हणतात त्यांतलं ते सगळ्यात लाडकं गाणं. बाकीची गाणी कुठून कुठून आलेली, छापील, इस्त्री केलेली. हे मात्र आमच्याच मातीतलं. ‘बेथलेहेमच्या वेशीपाशी गाढव थांबलं गा, आडामधी न्हाई पाणी, बाळ जन्मलं गा,’ अशी त्याची सुरुवात. मग त्यात मेंढपाळ येतात ते घोंगडी पांघरून, पूर्वेकडचे ज्ञानी मागी लोक येतात ते बैलगाडीतून, आणि मरिया बाळंतपणात डिंकाचे लाडू नाहीत म्हणून हळूच रडते. हे मरियेचं कडवं लागलं की आमच्या चर्चमधल्या बायका पदर डोळ्याला लावत, आणि पाळकसाहेब आपल्या उपदेशात कधीच रडवू शकले नाहीत म्हणून खट्टू होत. शेवटचं कडवं असं: ‘दाविद म्हणे, दार उघडा, पाव्हणं आलं गा, भाकर अर्धी, जागा थोडी, त्यात भागलं गा.’ जुन्या गाण्यांत कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. दाविद म्हणजे माझे आजोबा, अण्णांचे वडील. तेव्हा गाणं आजोबांचं, यात लातुरात दोन मतं नव्हती. सूर्य कुठल्या बाजूला उगवतो यावर एखाद वेळेस झाली असती.

त्या सालात एक भानगड अशी होती की लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. लोकांच्या अंगात नवं जिल्हेपण आलं होतं. परवापर्यंत ‘अमुक तालुका, तमुक जिल्हा’ असं मुकाट लिहिणारी माणसं आता पानपट्टीवर बसून ‘आमच्या कलेक्टरसाहेबांनी’ अशी सुरुवात करत. अण्णांनी तर घरातल्या पितळी घागरीवर नावाखाली ‘जि. लातूर’ असं नव्यानं कोरून घेतलं. घागर कोरडी होती, पण जिल्ह्याची होती. लग्नाची पत्रिका छापायला गेले तेव्हा त्यांनी खाली दाविदच्या कडव्याच्या दोन ओळी घातल्या आणि त्याखाली कवीचं नाव: ‘कै. दाविद, जि. लातूर’. आजोबा वारले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि लातूर जिल्हा होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, पण अण्णांनी त्यांना मरणोत्तर नव्या जिल्ह्यात दाखल करून घेतलं. आणि तसल्या पत्रिका नांदेडच्या व्याह्यांकडे गठ्ठ्यानं पाठवून दिल्या.

“याकोब म्हणे,” येशुदासकाका ओरडत होते. “याकोब म्हणे, दार उघडा. आमच्या आज्याचं गाणं हाय ते. अख्खं नांदेड मनतंय याकोब. आन् तुमी त्याच्या जागी आपला बाप बसवून छापून राहिलाव?” अण्णांनी आता भिंग काढलं. “याकोब?” ते अगदी हळू म्हणाले. अण्णा हळू बोलले की समजावं, आता वाईट होणार. “आवो, याकोब त्या चालीत बसतो का? दाविद बघा कसा बसतो, पाटावर पाहुणा बसावा तसा. याकोबला ओढून ओढून बसवावं लागतंय.” “आमचा याकोब ऐसपैस बसतो,” काका म्हणाले, “तुमचा दाविद बसला की बाजूला बोट जाईल एवढी फट ऱ्हाती.” मग दोघांनीही ती ओळ आळीपाळीनं म्हणून दाखवली, आणि नेमकी त्याच वेळी घरातली घड्याळं वाजायला लागली. आमच्याकडे दुरुस्तीला आलेली सगळ्या गावाची घड्याळं भिंतीवर टांगलेली असत, आणि त्यांतलं एकही दुसऱ्याशी सहमत नसे. बारा वाजायला आमच्या घरात पाऊण तास लागायचा. त्या टोल्यांमधून दाविद आणि याकोब एकमेकांवर आदळत होते, आणि आई मधल्या मधे सुशील्याच्या ताटल्या घेऊन उभी होती. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला आईसारखा कुणी करत नसे. काकांनी भांडत भांडत दोन ताटल्या संपवल्या आणि मग म्हणाले, “दोन हाका झाल्यात लग्नाच्या. तिसरी येत्या रविवारी. त्या दिवशी पाळक इचारतील ना, कुणाची हरकत हाय का म्हणून? मी उठून उभा ऱ्हातो का न्हाई बघा.”

आता इथं आमच्या समाजाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला पाहिजे. लग्न ठरलं की चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार त्याची हाक देतात. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलंय, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावी. आजवर हरकत कुणी घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. पण भर चर्चमध्ये नवऱ्याचा बापच उभा राहिला तर पोरीला पुढं कोण विचारणार? आणि मला, खोटं कशाला सांगू, दाविदचं काही वाटलं नाही, याकोबचं तर अजिबात नाही. मला दानियल पाहिजे होता, काकांचा मुलगा. मुलगी बघायला आला तेव्हा आमची घड्याळं अशीच एकामागून एक वाजायला लागली होती. याआधीची दोन स्थळं त्या गोंधळात गांगरून उठून गेली होती. दानियल मात्र खुर्चीत मागं रेलून बसला, शेवटचा टोला संपेपर्यंत ऐकत राहिला, आणि मग गंभीरपणे म्हणाला, “एक राहिलंय, कोपऱ्यातलं.” खरंच राहिलं होतं. मी त्याच क्षणी ठरवलं. एका माणसाच्या आज्यापायी असला नवरा सोडायला मी काही तयार नव्हते.

तोडगा मीच काढला, आणि त्याचं श्रेय पुढं पाळकसाहेबांनी घेतलं. मी आईला म्हटलं, ना लातूर ना नांदेड, मधल्या गावचा माणूस फैसला करू दे. आईनं पाळकसाहेबांच्या बायकोला सांगितलं, तिनं नवऱ्याला, आणि दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब जणू रात्री देवदूतानंच कानात सांगितलं अशा थाटात म्हणाले, “कंधारचे स्तेफनमामा.” कंधारच्या मंडळीत स्तेफनमामा पंच होते. माणूस असा निःपक्षपाती की स्वतःच्या बायकोचं आणि शेजारणीचं भांडण लागलं तेव्हा त्यांनी बायकोच्या विरुद्ध निकाल दिला होता, आणि त्यानंतर बरेच दिवस ते शेजारणीकडंच जेवले होते. चालीचे, तालाचे जाणकार. दोन्ही बाजूंना मान्य झाले. ठरलं असं की दोघांनी आपापलं गाणं त्यांच्यापुढं म्हणायचं, मामा सांगतील तो शेवट, आणि हरलेल्यानं पत्रिकेचा विषय पुन्हा काढायचा नाही.

आम्ही एसटीनं गेलो. अण्णांनी आजोबांची बाजाची पेटी मांडीवर घेतली होती, कंडक्टरनं टपावर टाकायला सांगितली तर म्हणाले, “बापाला कुणी टपावर टाकतं का?” रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारी वीतभर उंचीवरच वाळून गेली होती. कंधारला पोचलो तर येशुदासकाका आणि दानियल आधीच येऊन मामांच्या अंगणात बाजेवर बसलेले. दानियलनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच आभाळाकडे बघितलं, जणू ढगच शोधत होता. मामींनी जेवायला बसवलं. लाल हायब्रीड ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि अंबाडीची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. ती लाल भाकरी त्या काळात आम्हाला घशाखाली उतरत नसे, पण मामींच्या येसराला असा वास होता की दोघे वैरी एकमेकांना “घ्या की अजून” म्हणायला लागले, आणि मग लक्षात आलं तसे गप्प झाले.

जेवणं झाली. मामा खांबाला टेकून डोळे मिटून बसले. शेजारी देगलूरचे एक पाहुणे तबल्याला होते. दाराच्या आत मामांची आई, रिबकाआजी, सुपारी कातरत होती. आधी अण्णांनी म्हटलं. अण्णांचा आवाज बारीक, पण मरियेच्या कडव्याला त्यांनी असा काही सूर लावला की मामींनी डोळे पुसले. शेवटी ‘दाविद म्हणे’ आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा घेतलं. मग येशुदासकाकांनी म्हटलं. त्यांच्या ‘याकोब म्हणे’नं गोठ्यातली म्हैस उभी राहिली. दोघांचं झालं. अंगणात सुपारीच्या अडकित्त्याचा आवाज तेवढा येत होता. मामांनी डोळे उघडले, दोघांकडे बघितलं, आणि मोठ्या कळवळ्यानं म्हणाले, “दोघांचीबी चाल चुकलीय. थांबा, मी मनून दावतो.” आणि त्यांनी गाणं सुरू केलं. गाढव थांबलं, बाळ जन्मलं, घोंगडी आली, बैलगाडी आली, मरिया रडली, सगळं तेच. मामा तल्लीन होऊन शेवटच्या कडव्याला आले आणि म्हणाले, “शिमोन म्हणे, दार उघडा, पाव्हणं आलं गा.”

अण्णांच्या हातातला पेटीचा भाता अर्ध्यात थांबला. “शिमोन कोण?” येशुदासकाकांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज अंगणाच्या बाहेर गेला नाही. “आमचे आजोबा,” मामा म्हणाले. “गाणं त्यांचंच हाय की. मला वाटलं, तुमी चाल कुणाची बरोबर ते इचारायला आलाव. नावं तुमी प्रेमानं आपापल्या घरची घालून मनत असाल.” तबल्यावरचे पाहुणे खाकरले. “आमच्याकडं देगलूरला लूक मनतेत,” ते म्हणाले. “लूक पाटलांचं गाणं हाय ते.” मी दानियलकडे बघितलं. त्यानं तोंडात रुमाल कोंबला होता.

इतकी वर्षं हे कुणालाच कसं कळलं नाही, असं मला आता नातवंडं विचारतात. कसं कळणार? नाताळला माणूस आपल्या घरी, आपल्या चर्चमध्ये असतो. नाताळ सोडून दुसऱ्या दिवशी ते गाणं कुणी म्हणत नाही, आणि नाताळच्या दिवशी लातूरचा माणूस नांदेडला कशाला जाईल? प्रत्येक गाव आपला आजा उराशी धरून बसलं होतं. तेवढ्यात आतून रिबकाआजीचा आवाज आला. ती सुपारीचं सूप घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. “काय हुज्जत घालून राहिलाव रे?” ती म्हणाली. “मोगलाईत, निजामाच्या टायमाला, मोठा दुष्काळ पडलता, तवा एक पाव्हणं यायचं पायी पायी. मी नुकती नांदायला आलेली, परकरी पोर. बोलण्यात त्याच्या तेलंगी यायचं. वस्तीवस्तीत जाऊन गाणं शिकवायचं. ज्याच्या घरी भाकर खाल्ली त्याचं नाव शेवटाला घालायचं. आमच्या सासऱ्यानं अर्धी भाकर दिल्ती, मनून शिमोन. फुडल्या गावात फुडल्याची भाकर, फुडल्याचं नाव.”

मामांनी विचारलं, “आन् त्याचं सोताचं नाव काय, आई?” आजीनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “त्याला पाव्हणंच मनायचे. नाव कुणी इचारलं न्हाई. त्यानंबी सांगितलं न्हाई.” मला त्या दुपारी तो माणूस एकदम दिसला. उन्हातान्हात वस्तीकडं चालत येणारा, रात्री दुसऱ्याच्या ओसरीवर निजणारा, आणि सकाळी उठून आपल्या गाण्यात आपल्या नावाची जागा मोकळी करून देणारा. मी आता म्हातारी आहे, पुष्कळ गोष्टी वाढवून सांगते हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण ही वाढवून सांगितलेली नाही. माझ्याबरोबर दानियलही खाली बघत होता. आता अण्णा आणि काका एकमेकांची माफी मागतील, असं मला वाटलं. अण्णा पेटी आवरायला लागले. दाराबाहेर आल्यावर ते काकांच्या कानाशी लागले. “म्हातारीचं वय झालंय,” ते म्हणाले. “लई वय झालंय,” काका म्हणाले.

कंधारच्या स्टँडवर नांदेडची गाडी आधी लागली. काकांनी ती सोडून दिली. अण्णांबरोबर बाकड्यावर बसून ते चहाची बशी फुंकत होते. “शमुवेलराव, आपल्यात मतभेद असतील,” ते म्हणत होते, “पण शिमोन?” “शिमोन बसतच न्हाई त्या चालीत,” अण्णा म्हणाले. “याकोब तरी बसतो एक वेळ.” “दाविदबी बसतो की,” काका मोठ्या मनानं म्हणाले. “आन् लूक? लूक पाटील म्हणे. पाटलाला कशाला दार उघडायला सांगावं लागतंय?” दोघे एवढे हसले की बाकड्याखाली झोपलेलं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे जाऊन झोपलं. पुढचीही नांदेडची गाडी गेली. काकांनी हात हलवून कंडक्टरला सांगितलं, जा तू. ज्या पाहुण्यानं गाणं रचलं त्याचा एका शब्दानंही उल्लेख झाला नाही. कंधार आणि देगलूर या दोन चोरांविरुद्ध लातूर आणि नांदेड यांची त्या बाकड्यावर जी युती झाली ती दोघं मरेपर्यंत टिकली. मी आणि दानियल स्टँडच्या दुसऱ्या टोकाला शेंगा खात उभे होतो. आमच्याकडे बघायला कुणाला वेळच नव्हता.

तिसऱ्या हाकेला काका नांदेडहून मुद्दाम आले. धमकीची बातमी गावभर झालेली होती, त्यामुळे चर्चमध्ये नाताळलाही नसते एवढी गर्दी. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची हरकत असेल तर त्यानं आत्ताच सांगावी. सगळ्या माना काकांकडे वळल्या. काका उठून उभे राहिले. आईनं माझा हात एवढा आवळला की बांगडी फुटली. काकांनी खिडकीकडे बघितलं, “ऊन येऊन राहिलंय डोळ्यावर,” असं म्हणाले, आणि पलीकडच्या बाकावर अण्णांना खेटून जाऊन बसले.

उरलेल्या पत्रिकांच्या खालच्या ओळी आईनं कात्रीनं कापून टाकल्या. त्यामुळे आमची पत्रिका बाकीच्यांच्यापेक्षा चार बोटं आखूड होती, आणि लोकांना वाटलं की दुष्काळामुळे कागदही कमी पडला. परवा नातीनं मोबाईलवर ते गाणं लावलं. कुणीतरी छान वाद्यं लावून म्हटलंय, आणि कवीच्या जागी लिहिलंय ‘पारंपरिक’. दानियलला आता कमी ऐकू येतं, तरी तो मान डोलवत होता. अण्णा आणि काका असते तर त्या ‘पारंपरिक’ नावाच्या माणसाचा पत्ता काढून दोघं मिळून त्याच्या दारात गेले असते.

लग्न नाताळनंतर लगेच झालं. मांडवात मटणाचा वास, नाताळच्या उरलेल्या करंज्या-चकल्या, आणि प्यायला पाणी मागितलं की आई जिलबी द्यायची. कंधारहून स्तेफनमामा रिबकाआजीला घेऊन आले होते. जेवणानंतर गाणं झालंच पाहिजे असा आग्रह झाला. अण्णा पेटीवर बसले, काका त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले, आणि दोघांनी एका सुरात सुरू केलं. लातूर आणि नांदेडची सगळी मंडळी मागून म्हणत होती. गाढव थांबलं, बाळ जन्मलं, मेंढपाळ आले, मागी आले, मरियेच्या कडव्याला दोन्हीकडच्या बायकांनी एकदमच पदर डोळ्याला लावले. आणि मरियेचं कडवं संपलं तसं अण्णा थांबले. काकाही थांबले. मंडळींनी पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला होता तो तसाच सोडून दिला. मागल्या रांगेतून रिबकाआजीनं हाक मारली, “आरं शमुवेल, पाव्हण्याचं कडवं ऱ्हायलं की.”

अण्णांनी पेटीचा भाता मिटला आणि कडी लावली.

“गाणं तेवढंच हाय, आजी,” ते म्हणाले.